म्हसोबाच्या चढावरचे चौदा दाते

भावकू गुंडूपेक्षा पंधरा दिवसांनी मोठा होता. दोघे चुलत भाऊ. घरांची मधली भिंत एकच. भावकूच्या बारशाला सुताराकडून पाळणा आणला. पंधरा दिवसांनी तोच भिंतीपलीकडे गेला आणि त्यात गुंडूला घातलं. ही गोष्ट एका आत्यानं गुंडूला हसत हसत सांगितली. आत्या सांगून विसरली. गुंडू विसरला नाही.

तेव्हापासून त्याला मोजायची सवय लागली. भावकूच्या ताटात किती भाकऱ्या, भावकूच्या म्हशीच्या शिंगाला किती वळ्या, भावकूच्या लग्नात किती बैलगाड्या. जमीन दोघांना सारखी आली होती. म्हशी दोघांच्या चार-चार. दूध दोघांचं घट्ट. तरी गुंडूला वाटायचं, आपल्या वाट्याला येतं ते भावकूनं आधी वापरून पुढं सरकवलेलं असतं. गावात कोणी त्याला 'भावकूचा गुंडू' म्हटलं की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

त्यांचं गाव उंबरगाळी. खानापूर रस्त्यापासून थोडं आत, बेळगावपासून बारा मैल. गावातले पाच-सहाजण शहरात दुधाचा रतीब घालत. आधी सायकलवर. मग चौऱ्याहत्तर साली भावकूनं जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. पुढे दोन वर्षांनी गुंडूनंही घेतली. तीही जुनी, तीही राजदूत, रंगही तोच काळा. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या करून त्यात दोन कॅन अडकवायचे. कॅनमध्ये मूठभर भाताचं गवत सोडायचं, म्हणजे दूध हिंदकळत नाही. मग पहाटे दूध काढून उजाडायच्या सुमारास निघायचं.

गाव सोडलं की दीड मैलावर ओढा लागायचा. ओढ्यावर फरशी. फरशी ओलांडली की डाव्या हाताला शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड, आणि दगडापासूनच चढ सुरू. गावचा रिवाज असा की वेशीबाहेर दूध न्यायचं तर आधी ओंजळभर म्हसोबाला घालायचं. नाहीतर म्हैस आटते. गुंडूच्या आज्यानं घातलं, बापानं घातलं. गुंडूही रोज गाडी उभी करायचा, कॅनचं झाकण काढायचा, मापानं दूध घ्यायचा, दगडावर ओतायचा, नमस्कार करायचा आणि मग किक मारायचा.

त्याचा नमस्कार चालू असतानाच मागून भावकूची गाडी फरशीवरून सुसाट यायची. थांबायची नाही. "येतो रं गुंडू!" अशी हाक ऐकू यायची, आणि गुंडू वळून बघेपर्यंत भावकू अर्ध्या चढावर.

"देवाला बी थांबत न्हाय," गुंडू घरी मालुबाईला सांगायचा. "बघ तू. एक दिवस त्याची म्हस आटतीय."

मालुबाई त्याची बायको. तिची जीभ धारेची. ती म्हणायची, "आटंल तवा आटंल. सध्या तर भावजी जाऊन, रतीब घालून, येताना बाजार करून आल्यात. तुमी अजून गेटावर."

गेट म्हणजे रेल्वेचं तिसरं गेट. शहराच्या तोंडाशीच ते होतं, आणि गुंडूचं सगळं दुःख तिथं साठलं होतं. सकाळी पावणेसातच्या आधी ते बंद व्हायचं. गाडी जायची, मग एखादी मालगाडी पुढंमागं करत राहायची. वीस मिनिटं कुठं गेली नाहीत. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, लोकांना दूध सातच्या आत लागायचं. भावकू गेट उघडं असताना पलीकडे जायचा. गुंडू पोचायचा तेव्हा गेटमन आण्णाप्पा दांडा खाली घेत असायचा.

"ताळ्री, ताळ्री," आण्णाप्पा कानडीत थांब म्हणायचा. "तुझा भाऊ आत्ताच गेला बघ."

रोज हेच सांगायचा. गुंडूला वाटायचं, मुद्दाम सांगतो.

म्हणून भावकूचा रतीब कॅम्पात, आणि गुंडूचा अनगोळात. अनगोळची माणसं वाईट नव्हती. उशीर झाला तर घेत. पण कॅम्पातली घरं मोठी, मापं मोठी, आणि परत येताना भावकूच्या अंगावर कॅम्पाचा एक तजेला असायचा. तो गुंडूला सहन व्हायचा नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या सुगीनंतरची गोष्ट. कॅम्पातल्या मिंगेल बेकरीवाल्याला रोज चाळीस लिटर दूध हवं झालं. बेकरीच्या पुढच्या अंगाला त्यानं चहाचं दुकान काढलं होतं, आणि सात वाजता परेडवरून सुटलेले जवान तिथं चहाला येत. चाळीस लिटर एकाच दारात. ही बातमी भावकूनंच गुंडूला आणून दिली. गुंडूला तेही खटकलं. खात्री असल्याशिवाय कोण सांगतं?

दोघे मिंगेलकडे गेले. मिंगेल जाडा, दयाळू आणि वेळेचा पक्का. हाताला कायम मैदा.

"मला दोन माणसं नकोत, बाबा," तो म्हणाला. "एक पाहिजे. पंधरा दिवस दोघांनी वीस-वीस आणा. सातच्या आत आणि चांगलं दूध. पंधरा दिवसांनी मी एकाला धरीन."

परत येताना भावकू म्हणाला, "तुला मिळालं तरी बरं, मला मिळालं तरी बरं. दूध एका भिंतीतलंच."

असं बोलायला पुढे असावं लागतं, असं गुंडूच्या मनात आलं.

अनगोळच्या वेशीत सत्याप्पा मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. सत्याप्पा मूळचा निपाणीचा. त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत हमाल. सत्याप्पा सांगायचा, "ल्हानपणी एवढं शिंकलोय की आता जन्मात शिंक यायची न्हाय." वखार सोडून तो हायवेवर ट्रकच्या मिस्त्रीकडे लागला, आणि तिथून बेळगावात आला. उंबरगाळीच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून जात.

गुंडूनं गाडी लावली आणि थेट विचारलं, "भावकूच्या गाडीत काय घाटलायस?"

"म्हंजे?"

"ती पळतीय का? माझी का न्हाय? त्याचं दात किती हाईत ते सांग."

सत्याप्पानं हातातला पाना खाली ठेवला. "डाक्टर एकाचा रोग दुसऱ्याला सांगतोय व्हय? दुसऱ्याच्या गाडीचं म्या सांगत न्हाय. तुझ्या गाडीचं इचार."

मग त्यानं गुंडूची गाडी स्टँडवर घेतली. साखळी ज्या दोन दातेरी चकत्यांवरून फिरते, त्यांना शेडमध्ये सगळे चक्कर म्हणत. सत्याप्पानं मागच्या चक्कराच्या एका दात्याला खडूनं खूण केली.

"मागं बेचाळीस दातं. पुढं इंजिनाकडं चौदा. चौदा त्रिक बेचाळीस. पुढचं तीन येढं घेतंय तवा मागचं एक. कळलं?"

गुंडू सातवी पास होता. त्याला लगेच कळलं. "पुढं सोळा घाटलं तर?"

"मग तीन येढं लागत न्हाईत. अडीचच्या वर थोडं. इंजिन तेवढंच फिरंल आन चाक जास्ती फिरंल. सपाटीला पन्नासनं जाणारी गाडी सत्तावन्ननं जाईल."

"मग घाल की सोळा!"

"ऐक रं आधी. येग फुकट मिळत न्हाय. मोठ्या ढांगा टाकणारा माणूस बघितलायस न्हवं? मोकळ्या अंगानं झपाझप जातोय. त्याच्या डोस्क्यावर पोतं दे आन चढाला लाव. मग बारकी पावलं टाकतोय का न्हाय? पुढचं चक्कर मोठं म्हंजे ढांग मोठी. बारकं म्हंजे पाऊल बारकं. पळायचं असंल तर मोठं, वढायचं असंल तर बारकं. दोन्ही एका चक्करात देवानं बी दिल्यालं न्हाय."

"आन भावकूला?"

"त्याला इचार जा."

गुंडूनं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मान खाली घालायची. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी भावकू सोप्यावर घोरत असताना तो त्याच्या गाडीपाशी बसला आणि मागच्या चक्कराचे दाते बोटानं मोजले. बेचाळीस. आपल्याएवढेच. पुढचं चक्कर झाकणाच्या आत होतं. ते दिसेना. म्हणजे खुबी तिथं आहे.

भावकूची बायको पाण्याची घागर घेऊन आली. "काय हुडकाय लागलाय भावजी?"

"काय न्हाय. नाणं पडलं."

"मग गावलं का?"

"न्हाय," गुंडू म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते एकच खरं वाक्य.

पंधरवड्याचे पहिले दोन दिवस गेटावर गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं पुढे सोळा दाते घालून घेतले. शहरातून गावाकडे परतताना कॅन रिकामे होते. गाडी अशी पळाली की त्याचा टॉवेल गळ्यातून उडून गेला, आणि तो आणायलाही गुंडू थांबला नाही. उद्या या वेळेला भावकूला माझी पाठ दिसंल, असं त्याला वाटलं. रात्री तो नीट जेवला.

सकाळी म्हसोबापाशी त्यानं गाडी उभी केली. दूध घातलं. नमस्कार जरा लांबवला. मागून भावकू "येतो रं!" करून गेला. गुंडूनं किक मारली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी थरथरून बंद पडली. पुन्हा किक. पुन्हा थरथर. तिसऱ्यांदा गाडी निघाली ती क्लच जळाल्याचा वास सोडत, म्हातारीसारखी कण्हत. वीस पावलांवर पुन्हा थांबली. उरलेला चढ गुंडूनं उतरून, हँडल धरून, इंजिन चालू ठेवून ढकलत काढला. पुढे सपाटीला गाडी पळाली, पण दोन भरले कॅन घेऊन तिला सत्तावन्नचा आकडा काही दिसला नाही. गेटावर पोचला तर रेल्वे गेली होती आणि मालगाडी चालू होती.

"आज लै उशीर?" आण्णाप्पा म्हणाला.

तीन दिवस गुंडूनं हट्टानं सोळा दाते वापरले. तीन दिवस ढकलली. चौथ्या दिवशी सत्याप्पाकडे गेला. सत्याप्पा हसला नाही. याबद्दल गुंडूनं त्याला मनातल्या मनात मानलं.

"तेरा घाल," गुंडू म्हणाला.

"चौदाच ठेव की. तुझी मूळचीच हाईत."

"चौदावर भावकू पुढं जातोय न्हवं?"

सत्याप्पानं मागचं चाक फिरवून बघितलं. "गाडी चढाला कुठनं लावतोस तू?"

"म्हसोबापास्नं. का?"

सत्याप्पा आणखी काही बोलणार होता. पण गुंडू म्हणाला, "तू तेरा घाल बघू." सत्याप्पानं तेरा घातले. काढलेलं चौदाचं चक्कर त्यानं खिळ्याला अडकवलं आणि वर खडूनं लिहिलं : गुंडू.

तेरा दात्यांनी मात्र कमाल केली. दगडापासून गाडी अशी उचलली की पुढचं चाक क्षणभर हलकं झालं. जिथं रोज पहिल्या गिअरात रडतखडत जायचं, तिथं दुसरा गिअर पडला आणि टिकला. गुंडू चढ संपवून वर आला तेव्हा भावकू अजून डोळ्यांसमोर होता. असं आजवर झालं नव्हतं. गुंडू ओरडलाच. पण सपाटी लागली आणि इंजिन किंचाळू लागलं. पंचेचाळीसच्या पुढे काटा हलेना. समोरचा भावकू बारीक होत होत आंब्याच्या वळणावर गेला. तरी चढावर वाचलेली मिनिटं हातात होती. गेटाची घंटा वाजत असताना गुंडू दांड्याखालून निसटला.

"अय्!" आण्णाप्पा मागून ओरडला. गुंडूला ती शिवी आशीर्वादासारखी लागली.

सातला पाच कमी असताना तो मिंगेलच्या दारात उभा होता. भावकू चहा पीत बसला होता. त्यानं उठून गुंडूच्या पाठीत थाप मारली. "आलास न्हवं! काय केलंस रं?"

"काय न्हाय," गुंडू म्हणाला. भावकूच्या चेहऱ्यावर जळफळाट कुठं दिसतो का, हे तो शोधत होता. दिसला नाही. त्याचा निम्मा आनंद तिथंच गेला.

उरलेला निम्मा मिंगेलनं कॅनचं झाकण काढल्यावर गेला. गवताला पांढरे कण चिकटले होते. दुधावर तवंग, आणि तवंगात मोहरीएवढ्या गोळ्या. तेरा दात्यांची गाडी प्रत्येक वेळी मूठ पिळली की हिसका देत होती. म्हशीचं घट्ट दूध, अर्धवट भरलेले कॅन. बारा मैलांत लोणी सुटलं होतं.

"हे काय, बाबा? आज लोणी, उद्या ताक?"

अनगोळातही तेच झालं. शेवंताबाई त्याची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. तिनं पातेलं परत पुढं केलं. "गुंडू, लोणी काढून घेतोस आन आमाला पाणी घालतोस व्हय रं?"

"न्हाय वो आक्का. गाडीनं झालंय."

"गाडी लोणी काढतीय? मग ताक घुसळायला माझ्याकडं बी आण की ती."

सगळी आळी हसली. गुंडूनं गवत जास्त घातलं, मूठ हळू पिळली. हळू पिळली की गेट चुकायचं. जोरात पिळली की लोणी. पंधरवड्याचे दिवस असे संपत आले. चौदाव्या दिवशी मिंगेल म्हणाला, "उद्या शेवट. भावकू एकदा पण चुकला नाही. उद्या आला तर त्याचा रतीब. नाही आला, तर तुझा. लोण्यासकट घेईन, काय करणार?"

त्या संध्याकाळी गुंडूनं देवापुढं काय मागितलं ते त्यानं मालुबाईला सांगितलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यानं म्हसोबाला दूध घातलं. मागून भावकू आला आणि गेला. गुंडूनं किक मारली, गाडी उचलली, दुसरा गिअर टाकला. चढाच्या मध्यावर वळण होतं. वळणाआड भावकू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. गाडीची साखळी तुटून पुढच्या चक्करात गुंतली होती. स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं झाकण उघडलं होतं. दोन्ही हात काळे.

मागितलेलं इतकं लगेच मिळेल असं गुंडूला वाटलं नव्हतं. पुढं निघून गेलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. पण तो थांबला. भावासाठी थांबला असं म्हणता येणार नाही. उघड्या झाकणाकडे बघून थांबला. गाडीवरून उतरून तो भावकूच्या शेजारी बसला, आणि भावकू काही बोलायच्या आत त्यानं बोट लावून मोजायला सुरुवात केली. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा.

पुन्हा मोजले. चौदा.

"काय कराय लागलायस?" भावकू म्हणाला.

"चौदाच हाईत."

"मग किती असावीत? तुझी बी चौदाच न्हवती का?"

"मग तू पुढं कसा जातोस रं?" गुंडूचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यानं भावकूला पहिल्यांदा विचारला होता.

भावकू खरंच गोंधळला. "कसा म्हंजे? फरशीवरनं जोरात येतो. त्या येगातच निम्मा चढ निघतोय. तू दगडापाशी गाडी उभी करतोस. उभा ऱ्हायलेला बैल चढाला गाडा वढंल का? पळत आलेला वढतोय."

"देवाला थांबायचं न्हाय व्हय?"

"येताना थांबतो की. येताना उतार हाय. तांब्याभर मागं ठेवतो आन घालतो. सायकल हुती तवा हितं उतरायलाच लागायचं, म्हणून जाताना घालत हुतो. आता गाडी हाय. देव हितंच बसलाय, कुठं जातोय?"

गुंडूला आठवलं. दुपारी परतताना दगड ओला दिसायचा. आपलं सकाळचं दूध अजून वाळलं नाही, देवानं धरून ठेवलंय, असं त्याला वाटायचं. त्याचा अभिमान वाटायचा.

भावकू उठला होता. न विचारता त्यानं आपले दोन कॅन गुंडूच्या गाडीवर चढवायला घेतले. एक मागच्या सीटवर, एक टाकीवर. दोर आवळले. "तू हो पुढं. मिंगेलला दे माझं. म्या साखळी बघतो." गुंडू नाही म्हणेल हे त्याच्या मनातही आलं नाही. एका पाळण्यातल्या माणसाला तसं काही विचारायचं असतं, हेच त्याला माहीत नव्हतं.

चार कॅन घेऊन गुंडू निघाला. चौदा दात्यांना ते झेपलं नसतं, सोळांना तर नाहीच. तेरा दात्यांनी ती गाडी पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलानं, वर नेली. सपाटीला चाळीसच्या पुढे जायची गुंडूची हिंमत झाली नाही. गेट बंद होतं.

"तुझा भाऊ आज आला न्हाय?" आण्णाप्पानं विचारलं.

"न्हाय," गुंडू म्हणाला. हा शब्द उच्चारताना तोंडाला गोड लागला. तो गोडवा त्याला कळला आणि त्याचीच त्याला लाज वाटली. पण गोडवा गेला नाही.

वीस मिनिटं तो उभा होता. चारही कॅन ॲल्युमिनियमचे, चारही पोचे आलेले. कोणता कोणाचा, मिंगेलला काय कळणार? भावकू आला नाही म्हणायचं. खोटंही नाही ते. चारही माझे म्हणायचे. चाळीस लिटर आजच देतो म्हणायचं. संध्याकाळी भावकूला सांगता येईल, मिंगेलनंच ठरवलं. मालगाडी गेली. दांडा वर झाला. गुंडूचं बोलणं पाठ झालं होतं.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. जवान चहासाठी उभे होते. मिंगेलनं घाईनं सीटवरच्या कॅनचं झाकण उघडलं. आत दूध काठोकाठ, कणभरही लोणी नाही. वर भाताच्या गवताची गोल विणलेली चुंबळ तरंगत होती.

"हे चांगलं आहे," मिंगेल म्हणाला.

गुंडूनं 'माझं' म्हणायला तोंड उघडलं.

"हे भावकूचं," मिंगेलनं चुंबळ बोटानं उचलली. "त्याची बायको बांधते अशी. तू मोकळं गवत टाकतोस. त्याच्या गाडीला काय झालं?"

एवढा दाते मोजणारा माणूस. पण ती चुंबळ काढून टाकायचं गेटावर वीस मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"साखळी तुटली," गुंडू म्हणाला.

"आणि तू त्याचं दूध घेऊन आलास? शेवटच्या दिवशी?" मिंगेलनं मैद्याचा हात गुंडूच्या खांद्यावर ठेवला. जवानांकडे वळून तो म्हणाला, "बघा. भाऊ असावा तर असा."

गुंडूला आजवर कोणी असं चारचौघांत चांगलं म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं, शेवंताबाईच्या आळीतलं हसणं यापेक्षा सोसवलं होतं.

रतीब भावकूला मिळाला. उशिराचा दोष गाडीचा, दुधाचा नाही, असं मिंगेल म्हणाला. संध्याकाळी भावकू भिंतीवरून डोकावला. "वीस तुझं, वीस माझं. म्या मिंगेलला सांगतो."

"तुझ्या ताटातलं नगं मला," गुंडू म्हणाला.

भावकू आत गेला. मालुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ताट कुठं आलं ह्यात? कॅन हुतं ते."

दुसऱ्या दिवशी गुंडू सत्याप्पाच्या शेडमध्ये गेला. खिळ्यावर चौदाचं चक्कर होतं, खडूची अक्षरं होती. गुंडूनं काही सांगायच्या आत सत्याप्पानं ते काढून फडक्यानं पुसलं.

"तुला ठावं हुतं," गुंडू म्हणाला.

"इचारलं हुतं की तुला, चढाला कुठनं लावतोस म्हणून. तू तेरा-तेरा करत हुतास."

त्यानंतरच्या सकाळी गुंडूनं फरशीवर मूठ पिळली आणि म्हसोबापुढून थेट गेला. डावा हात सवयीनं क्लचकडे वळला होता. त्यानं तो आवरला. अंगावर काटा आला. गाडी आलेल्या वेगात, दुसऱ्या गिअरात, न कण्हता चढ चढून गेली. गेट उघडं होतं. आण्णाप्पानं हात केला. पुढे भावकूची पाठ दिसत होती.

परतताना त्यानं तांब्याभर दूध मागं ठेवलं होतं. दगडापाशी उतरला. दगड ओला होता. भावकू आधीच घालून गेला होता.

पुढे गुंडूला कॅम्पात सात-आठ घरं मिळाली. रतीब बरा चालला. दोघांच्या मुली लग्न होऊन गेल्या, तेव्हा दोघांनी एकच मांडव घातला, कारण अंगण एकच होतं. शहाऐंशी साली डेअरीचा टेम्पो गावात यायला लागला. दूध वेशीतच घेऊ लागले. गाड्यांची गरज उरली नाही. भावकूनं आपली राजदूत विकायला काढली. खानापूरहून एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं.

त्याच दुपारी गुंडू भिंतीला वळसा घालून गेला. म्हणाला, "मला दे."

"तुझी हाय की. दोन काय करणार?"

"दे म्हणतो न्हवं."

भावकूनं किल्ली दिली. घासाघीस झाली नाही. गुंडूनं गाडी ढकलत आपल्या परसात आणली. मालुबाई दारात उभी राहून बघत होती. त्यानं आतून स्क्रू-ड्रायव्हर आणला, उकिडवा बसला आणि पुढचं झाकण उघडलं.

"आता काय हुडकताय?" मालुबाई म्हणाली.

त्या दिवशी चढावर आपण घाईत होतो, हे त्याला आठ वर्षं सलत होतं. शिवाय मधल्या काळात भावकूनं बदललं नसेल कशावरून? त्यानं ओल्या फडक्यानं वंगण पुसलं. पहिल्या दात्याला खडूनं खूण केली. मग बोट लावून, ओठ हलवत, सावकाश मोजायला लागला.

चौदा होते.

त्यानं खूण पुसली, दुसऱ्या दात्यावर केली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.